शनिवारचं पाणी

अश्दोद, ६ एप्रिल २०२५

ती. शुलामिथ आत्यास,
शालोम.

ईमेलला तू उत्तर देत नाहीस आणि फोनवर कारखान्याचं काढलं की तुला ऐकू येईनासं होतं, म्हणून हे पत्र. तुझी अट पाळली आहे. हाताने लिहिलंय आणि फोटो काढून पाठवतोय. अक्षराला हसू नकोस. पनवेल सोडून बावीस वर्षं झाली.

मुद्द्याचं लिहितो. त्या हॉटेलवाल्यांनी आपल्या खोबरेल साबणाला होकार दिलाय. अडुसष्ट हॉटेलं, आत्या! आजोबांनी कर्नाळ्याच्या पायथ्याशी पत्र्याच्या शेडमध्ये काढलेला साबण आता परदेशी पाहुण्यांच्या हातात जाईल. अट एकच आहे. माल आठवड्याचे सातही दिवस निघाला पाहिजे.

कपाळाला आठ्या घातल्यास ना? आपण यहुदी, शब्बाथ पाळणारे; आपला कारखाना एकसष्ट वर्षं शनिवारी बंद असतो. खरं सांगतो, हा विषय काढायची माझी हिंमत नव्हती. मी इथे शुक्रवारी दिवस मावळला की फोनसुद्धा कपाटात ठेवतो. मग शनिवारी बॉयलर पेटवा असं कोणत्या तोंडाने म्हणू?

पण आपल्या नव्या मॅनेजरने, कल्पेशने, टेकाडावरच्या टाकीला मीटर बसवलाय आणि त्याचे आकडे मला पाठवलेत. दर शनिवारी टाकीतून चाळीस हजार लिटर पाणी जातं. कारखाना चालू असताना जात नाही एवढं! कल्पेशला विचारलं तर म्हणतो, "शनिवारी मी घरी असतो, सर. शुक्रवारी संध्याकाळी गोरख व्हॉल्व्ह खोलून जातो. मॅडमची ऑर्डर आहे म्हणतो."

आत्या, तू शनिवारी कारखाना चालवतेस का? शब्बाथ मोडतेस? आणि तो माल कुठे जातो? मोडायचाच असेल तर चोरून कशाला? उघड मोडू, आणि जो फायदा होईल तो भागधारकांना मिळू दे. अठरा मेच्या सभेत शनिवारी काम सुरू करायचा ठराव मी मांडणार आहे. माझे आणि तालीचे, आम्हा बहीणभावांचे मिळून बावन्न टक्के होतात, पण तुझ्याविरुद्ध मत द्यायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

तुझा,
अवीव


नवीन पनवेल, ९ एप्रिल २०२५

चि. अवीव,
आशीर्वाद. (तेवढे देते. बाकी रागावले आहे.)

माझ्या डोळ्यांतले मोतीबिंदू पिकलेत. येत्या पंधराला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. म्हणून तुझं पत्र संजनाने मोठ्याने वाचून दाखवलं. संजना म्हणजे आपल्या गोरखची मुलगी. बी.एस्सी. झाली, कारखान्याजवळच्या कातळवाडीतली पहिलीच. आपल्या लॅबमध्ये साबण तपासते आणि माझ्या पत्रांचे फोटोही तीच काढून पाठवते. तर त्या पोरीच्या तोंडून मला ऐकावं लागलं की मी शब्बाथ मोडते! ती मध्येच थांबली, म्हणाली, "मॅडम, पुढचं वाचू का?" म्हटलं, वाच बाई, सहीसकट वाच.

नीट ऐक, शहाण्या. कारखाना शनिवारी चालत नाही. एकदाही चाललेला नाही. पुराच्या वर्षी दहा दिवस बंद पडला होता, माल तुंबला होता, तरी पुढच्या शनिवारी गेटला कुलूपच होतं. आपल्या पूर्वजांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद असायचे, म्हणून पनवेलच्या बाजारात तुझ्या आजोबांनाही शनवार तेली म्हणायचे, कुणी प्रेमाने तर कुणी चिडवायला. त्यांनी काय केलं? साबणाचं नावच 'शनवार छाप' ठेवलं! त्या साबणाने या गावातल्या तीन पिढ्यांनी अंग धुतलंय. आणि तू मला विचारतोस, शब्बाथ मोडतेस का म्हणून. लाज नाही वाटली?

आता पाण्याचं. पाणी जिथे जायचं तिथे जातं. बाबांच्या वेळेपासून जातं. याची कुठे वाच्यता करायची नाही असं ते मला बजावून गेलेत, आणि मी ती केलेली नाही. तुझ्या बापाजवळही नाही. एझराने कारखान्यात पाऊल टाकलं ते फक्त मलिद्याच्या प्रार्थनेच्या दिवशी, प्रसादाची केळी आणि पोहे खायला. तेव्हा तुलाही सांगणार नाही. आत्या म्हणते ना, मग झालं.

आणि ते भागधारक भागधारक काय लावलंयस? कंपनी म्हणजे काय नुसतं तू, मी आणि ताली? तिच्या धुराड्याचा धूर काय आपण तिघंच खातो?

ठराव मांडायचाय तर खुशाल मांड. मी विरोधात हात वर करीन, डोळ्याला पट्टी असली तरी.

तुझी,
शुलामिथ आत्या


अश्दोद, १४ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
शालोम. पेसाहच्या सणाच्या शुभेच्छा. आमच्याकडे आठवडाभर बिनखमिराची भाकर चालू आहे आणि मुलं कंटाळलीत.

तुझ्यावर मी आरोप करायला नको होता. कारखाना चालत नाही म्हणतेस तर चालत नाही, माझा विश्वास आहे. पण मग हे पाणी कुणाला तरी फुकट जातंय, आणि तू त्यावर पांघरूण घालते आहेस. आत्या, कुणी सांगितलं नाही म्हणजे तुला वाटतं ते पुण्य. चोरी करणारासुद्धा सांगत नाही.

मला तू कंजूष समज, पण माझं म्हणणं एकदा शांतपणे ऐक. तुला कुणाला काही द्यायचं असेल तर तुझ्या लाभांशातून दे. मीही देईन. पण कंपनीचं देणं म्हणजे तालीला न विचारता तालीच्या खिशातून देणं. तिचा नवरा वर्षभर घरी बसून आहे. या हॉटेलांच्या कामाने तिचं घर सावरेल. तिच्या वाटचं पुण्य तू परस्पर कसं करतेस? कंपनीने धंदा करावा, आणि मालकाने घरी येऊन धर्म करावा. यात मला काही वाईट दिसत नाही.

सभेपर्यंत शनिवारी टाकीचा व्हॉल्व्ह खोलायचा नाही, असं मी डायरेक्टर म्हणून कल्पेशला कळवलंय. ज्याचं अडेल तो आपणहून गेटवर येईल. मग कळेलच.

डोळ्याला जप. पट्टी असताना वाचायला बसू नकोस, आणि कुणाला वाचायलाही लावू नकोस.

अवीव


कातळवाडी, शिरढोणजवळ, ४ मे २०२५

माननीय अवीव सर,
नमस्कार.

मी संजना गोरख वाघमारे. मॅडमना न सांगता हे पत्र पाठवते आहे. त्यांच्या डोळ्याला जंतुसंसर्ग झाला होता, म्हणून डॉक्टरांनी महिनाभर त्रास द्यायचा नाही असं सांगितलंय. तुमचं चौदा तारखेचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही. व्हॉल्व्ह बंद आहे हे त्यांना अजून माहीत नाही.

तीन शनिवार झाले, टाकीचं पाणी आमच्या वाडीत आलेलं नाही. वाडीत सरकारी नळ बसलेत, सर. त्यांना पाणी अजून यायचं आहे. आमची पंचेचाळीस घरं शनिवारी पिंपं भरून ठेवतात आणि ती आठवडाभर पुरवतात. आता बाया पहाटे उठून गडाखालच्या झऱ्यावर जातात. त्यात माझी आईही आहे. मी आठ वाजता लॅबमध्ये येते आणि साबण तपासताना भरपूर पाण्याने हात धुते. तेव्हा मला कसं वाटतं ते लिहीत नाही.

गेटवर कुणी येणार नाही. आजीने सगळ्यांना बजावलंय. खालचं पत्र तिचं आहे. ती बोलली तसंच मी लिहून घेतलंय. शुद्ध करू का म्हटलं तर म्हणाली, "मी काय अशुद्ध हाय?"

आपली,
संजना

अवीव बाबा,

मी जिजा. गोरखची आय. तू ल्हान असताना माज्या टोपलीतली करवंदं खायचास आन शर्टाला डाग पडला का तुजी आय मला बोलायची. पटली का वळख?

तू लिवलंस का पानी चोरीला जातंय. आमी चोर नाय. तुजं पत्र ऐकलं तवा कळलं, तुज्या आत्याला वाटतं का तिचा बाप आमाला धर्माचं पानी देत व्हता. तसं बी नाय. आमी भिकारी बी नाय. मंग काय हाय ते ऐक.

तुजा आजा एलियाशेट हितं आला तवा मी नवी नवरी व्हते. त्यानं तीन हिरी खणल्या, तिनी कोरड्या. पैका संपला, गडी निघून गेलं. शेट धोंड्यावर बसून रडत व्हता. मी माज्या डोळ्यानं पायलंय. माजा सासरा बाळ्या त्याच्याजवळ गेला. बोलला, पानी कुठं हाय ते मला ठाव हाय, पन ती उंबराखालची जागा आमची हाय, आमी थितं खड्डा करून पानी पितो. शेट बोलला, काय घेशील? सासरा बोलला, पैका नको, पैका सरतो. पानी वाटून घेऊ.

आमच्या वाडीच्या सोळा मान्सांनी ती हीर खणली. मीबी माती उपसलीय. पानी लागलं तवा वाटा ठरवाया बसलं. शेट बोलला, सा दिस माजं. सातवा दिस माजा नाय, तो माज्या देवानं काढून घेतलाय. तो तुमी घ्या. सासरा हसला, बोलला, चाललं.

कागद नाय केला. सासऱ्याला लिवता येत नव्हतं, आन त्याच्या म्होरं लिवायची शेटला लाज वाटली.

मंग शेटला पेच पडला. शनवारी तो पंपाला हात लावायचा नाय आन दुसऱ्याला बी लावू द्यायचा नाय. म्हून त्यानं टेकाडावर टाकी बांधली. शुक्रवारी दिस बुडायच्या आत ती भरायची आन कॉक खोलायचा. मंग शनवारभर पानी आपसूक वाडीत. आदी सासरा खोलायचा, मंग माजा नवरा, आता गोरख.

तुला हाटेल पायजे तर घे. सा दिस रात्रंदिस चालव, आमची पोरं राबतील. पन सातवा दिस तुजा नाय, तर तू तो इकशील कसा? तुज्या कागदावर तुजा हिस्सा हाय, तालीचा हाय. तसा आमचा एक दिस हाय.

हे पानी मागाया लिवत नाय. सांगाया लिवते.

जिजा


अश्दोद, ६ मे २०२५

ती. आत्यास,

संजनाला रागावू नकोस. हे पत्र आणि सोबतचं जिजामावशीचं पत्र ती तुला वाचून दाखवेल. माझं चौदा तारखेचंही. सगळं ऐक आणि मग मला काय शिव्या द्यायच्यात त्या दे.

आज सकाळी कल्पेशला फोन केला. शुक्रवारी व्हॉल्व्ह उघडेल.

आत्या, दर शुक्रवारी दिवस मावळायच्या आत मी स्वयंपाकघरात विजेचा गरम तवा लावून ठेवतो. शनिवारभर त्यावर जेवण ऊन राहतं आणि बटणाला हात लावावा लागत नाही. इथे घरोघरी हेच करतात. आजोबांनी पाण्याचं नेमकं तेच केलं होतं. शब्बाथ पाळण्यासाठीच ते पाणी शनिवारी वाहत होतं! आणि मी, दर आठवड्याला तेच करणारा माणूस, आकडे बघून म्हणालो की आत्या शब्बाथ मोडते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तरी एक विचारतोच. तू मला एका ओळीत का नाही सांगितलंस? 'वाडीला जातं' एवढे दोन शब्द. तुझ्या मानापायी पंचेचाळीस घरांनी तीन आठवडे झऱ्यावरून पाणी वाहिलं. व्हॉल्व्ह बंद करायला मीच सांगितलं, ते मी नाकारत नाही. पण निम्मं तुझंही आहे.

अवीव


नवीन पनवेल, ११ मे २०२५

चि. अवीव,
आशीर्वाद. या वेळी मनापासून.

निम्मं माझं आहे. कबूल. दोन रात्री मला झोप लागली नाही. शुक्रवारी काळा चष्मा लावला आणि रिक्षा करून थेट वाडीत गेले. डॉक्टर गेले खड्ड्यात.

तुला वाटत असेल, आत्याला हे सगळं ठाऊक होतं. नव्हतं रे. जिजाच्या पत्राने तुझं तोंड उतरलं असेल, पण माझं पार खाली आलं. बाबा म्हणाले, "शुलू, शनिवारच्या पाण्याची वाच्यता करायची नाही." मी समजले, आपण देतो त्याचा डांगोरा पिटू नये. केवढी मोठी समजत होते मी स्वतःला! सिनेगॉगमध्ये बसले की मनात यायचं, बघा, मी पंचेचाळीस घरांना पाणी पाजते आणि ब्र काढत नाही. वाडीतल्या बाया भेटल्या की मी मान जराशी कलती करून हसायची, दानशूर बाईने हसावं तसं. आठवलं तरी अंगावर काटा येतो. आता कळतं बाबांच्या मनात काय होतं. जे आपण देतच नव्हतो, ते आपल्या नावावर सांगायचं नव्हतं.

जिजाला म्हटलं, "इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस गं?" तर म्हणाली, "तुमाला ठाव नाय, हे मला काय ठाव?"

मग तिने मला उंबर दाखवला. विहिरीच्या कठड्याआड अजून उभा आहे. मी एवढी वर्षं कारखान्यात जाते, पण त्या बाजूला कधी फिरकलेच नव्हते. जिजा माझा हात धरून पुढे चालली होती. या वयात तिची मान अशी ताठ की मी आपोआप पदर सारखा केला.

तुझं चौदा तारखेचं पत्र दोनदा वाचून घेतलं. तू लिहितोस की दान करायचं तर आपल्या खिशातून करावं. मी आठ दिवसांपूर्वी भांडले असते. आज म्हणते, अगदी बरोबर आहे तुझं. हे दान असतं तर मी माझ्या वाट्यातून केलं असतं. पण हे दान नाही. कंपनी आपली आहे म्हणतो आपण, पण ती कितीशी आपली, हे कधी कुणी धड पाहिलंच नाही. पाणी त्यांनी दाखवलं, विहीर त्यांनी खणली, आणि भागधारकांच्या यादीत मात्र आपली तेवढी नावं.

गोरखने माझ्यासमोर व्हॉल्व्ह खोलला. टेकाडावरून पाणी पाइपात उतरल्याचा आवाज झाला, खाली वाडीत पोरांनी आरोळी ठोकली, आणि मी तिथेच उभी राहून ढसाढसा रडले. डॉक्टरांनी रडायलाही मनाई केलीय.

बावन्न टक्के तुमचे आहेत. मी तुला काही सांगणार नाही. तूच ठरव.

तुझी,
आत्या


अश्दोद, १५ मे २०२५

ती. आत्यास,
शालोम.

हॉटेलवाल्यांना विचारलं, सहा दिवस दुप्पट पाळीने माल दिला तर? ते म्हणाले, सात नाहीतर राहू द्या. मी म्हणालो, राहू द्या. फोन ठेवला आणि हॉटेलांची यादी पुन्हा एकदा वाचली, खोटं कशाला सांगू. अडुसष्ट हॉटेलं!

त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं की सातव्या दिवसाचे मालक वेगळे आहेत आणि ते विकायला तयार नाहीत. कंपनीचा हिशेब मी पंधरा वर्षं मांडतोय, पण तिच्याविषयी बोलताना इतकं ताठ मानेने मी कधी बोललो नव्हतो.

तालीला जिजामावशीचं पत्र वाचून दाखवलं. आधी खूप चिडली. तुला काय, तुझी नोकरी शाबूत आहे, म्हणाली. तेही खरंच आहे, म्हणून तिचं घर सावरेपर्यंत माझ्या लाभांशातला अर्धा तिला. हा माझ्या खिशातला धर्म, त्यात कंपनीचा संबंध नाही. मग जरा वेळाने तिने विचारलं, "करवंदं अजून येतात का रे तिथे?" आणि होकार दिला.

जुना ठराव मी मागे घेतलाय. नवा असा: शनिवारचं पाणी कातळवाडीचं आहे, कंपनीचं नाही, आणि हे कंपनीच्या नियमावलीत लिहावं. म्हणजे उद्या तू नसलीस, मी नसलो, आणखी कुणी शहाणा आकडे घेऊन बसला, तरी त्याला तो व्हॉल्व्ह बंद करता येणार नाही. आजोबांना लिहायची लाज वाटली होती. आता संजनाची पिढी वाचते, तेव्हा लिहायला हरकत नाही.

एकच विनंती आहे. मतदान होईल तेव्हा जिजामावशी त्या खोलीत असायला हवी.

अवीव


नवीन पनवेल, २० मे २०२५

चि. अवीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवाच्या सभेत तू आणि ताली पडद्यावर होतात. ठराव मंजूर झाल्यावर तुम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्यात तेही मी पाहिलं, दोन्ही डोळ्यांनी. पण सभा सुरू व्हायच्या आधी टेबलापाशी काय झालं ते तुम्हाला दिसलं नसेल, म्हणून लिहिते.

जिजा गोरखच्या मोटारसायकलवरून आली. नवं हिरवं लुगडं नेसून, आणि हातात करवंदांचा द्रोण. तो तालीसाठी म्हणे. आता तो अश्दोदला कसा पाठवायचा ते तूच सांग. मी तिला माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. कल्पेशने तुझं आणि तालीचं नाव लिहून हजेरीचं रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. त्यात तीन रकाने असतात, नाव, भाग आणि सही. माझं झालं आणि मी ते जिजापुढे सरकवलं. कल्पेश गोंधळला. तसा तो वाईट नाही, पण पुस्तकी आहे. म्हणाला, "मॅडम, पाहुण्यांची सही लागत नाही." म्हटलं, पाहुणी नाही ती, लिही. त्याने नाव लिहिलं. मग पेन थांबलं. "भाग किती लिहू?"

मी उत्तर द्यायच्या आत जिजाच बोलली, "एक दिस."

कल्पेश माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्या हातातून पेन घेतलं, रकान्यात लिहिलं, आणि सही करायला रजिस्टर तिच्यापुढे धरलं. कल्पेशने अंगठ्यासाठी शाईचा पॅड उघडून पुढे केला. तिने तो बाजूला सारला. तीन दिवस संजनाकडून गिरवून घेतलं होतं म्हणे. जीभ दातात धरून, हळूहळू, दोन अक्षरं काढली. मग मान वर करून अख्ख्या खोलीकडे एकदा पाहिलं.

त्या पानावर आपल्या तिघांच्या नावापुढे आकडे आहेत. जिजाच्या नावापुढे लिहिलंय, 'शनिवार'.

तुझी,
शुलामिथ आत्या